मुलाखतीच्या खोलीत मागितलेला पासवर्ड

२००९ साली अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील बोझमन या शहराच्या प्रशासनाने नोकरीच्या अर्जात एक वेगळाच रकाना ठेवला होता. फेसबुक, मायस्पेस, गूगल, याहू अशा ठिकाणची आपली खाती आणि त्यांचे पासवर्ड उमेदवाराने त्यात लिहून द्यावेत, अशी अपेक्षा होती. बातमी फुटली, गदारोळ झाला आणि जून महिन्यातच ही मागणी मागे घ्यावी लागली.

मेरिलँड राज्यात २०१० साली घडलेला प्रसंग मात्र बंद खोलीतला आहे. तुरुंग विभागातील एक कर्मचारी आईच्या निधनानंतर घेतलेल्या रजेनंतर पुन्हा कामावर रुजू होऊ पाहत होता. टोळ्यांशी संबंध नाहीत ना, हे तपासण्याच्या नावाखाली मुलाखत घेणाऱ्याने त्याच्याकडे फेसबुकचा पासवर्ड मागितला, त्याच्यासमोरच खाते उघडले आणि त्याच्या नोंदींबरोबर आप्तमित्रांनी लिहिलेलेही वाचले. त्या आप्तमित्रांनी तर नोकरीसाठी अर्जही केलेला नव्हता.

एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने प्रकरण हाती घेतल्यावर विभागाने पद्धत बदलली. आता पासवर्ड सांगायचा नव्हता. उमेदवाराने स्वतः खाते उघडायचे आणि मुलाखतकाराने ते पाहायचे, तेही म्हणे ऐच्छिक. पोटापाण्याचा निर्णय ज्याच्या हाती आहे, त्याच्यासमोर बसून दिलेल्या संमतीला ऐच्छिक म्हणणे हा शब्दाचा गैरवापरच होय.

मे २०१२ मध्ये मेरिलँडने देशातील पहिला असा कायदा केला, ज्यामुळे वैयक्तिक खात्याचा पासवर्ड मागण्यासच मालकाला मनाई झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मालकाच्या उपस्थितीत खाते उघडायला लावण्यालाही बंदी घातली आणि ऐच्छिकतेची ती पळवाट तिथे बरीचशी बुजली. संसदेत मांडलेली विधेयके मात्र कायद्यात उतरली नाहीत, त्यामुळे हे संरक्षण आजही राज्याराज्यांनुसार बदलते. जे सर्वांना खुले आहे ते मालक पाहू शकतो, कंपनीने कामासाठी दिलेले खातेही तपासू शकतो, आणि गैरवर्तनाच्या चौकशीसाठी अनेक राज्यांनी सवलत ठेवली आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न उभा राहतो तो कार्यालयातील संगणकावर. जेवणाच्या सुटीत कोणी आपली खाजगी मेल उघडतो आणि नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेत त्याचा पासवर्ड आपसूक नोंदला जातो. राज्यांसाठी २०१६ साली तयार झालेल्या नमुना कायद्याने या शक्यतेचाही विचार केला आहे: पासवर्ड असा नकळत हाती आला, तर केवळ तेवढ्यावरून मालक दोषी ठरत नाही, मात्र त्याने तो वापरून खाते उघडू नये आणि कोणाला देऊही नये.