शून्यावरची घूं घूं

(दृश्य: परभणी जिल्ह्यातलं एक गाव. मारुतीच्या देवळाचा सभामंडप. संध्याकाळ. सतरंजी, पेटी, पखवाज. कोपऱ्यात पत्र्याच्या कॅबिनेटमधला अँप्लिफायर.)

हरिपाठाला अजून अर्धा तास आहे. सतरंजी पडली, पेटी आली, टाळांची पिशवी खांबाला टेकवून ठेवली. माणसं यायचीत. अशा वेळी देवळात पाल चुकचुकली तरी ऐकू यावी. पण इथं दोन्ही स्पीकरमधून एकसारखं घूं घूं चाललंय.

अँप्लिफायर माझा. म्हणजे मीच जोडलेला. ४४४० आयसीचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपचा, तयार बोर्ड, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर (मधली तार शून्याची, दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट), दोन डायोड, वीज साठवणारा एक मोठा कंडेन्सर, आणि तेलाचा डबा कापून केलेलं कॅबिनेट. असे घरगुती अँप्लिफायर आमच्याकडं गावोगाव सापडतील. बोर्ड विकत मिळतो, तारा आपण जोडायच्या. आणि घोळ तारांतच होतो.

पेटीवाले बुवा भाता हलवतात. घूंशी सूर जुळवत एकेक पट्टी दाबत खाली खाली जातात आणि खर्जातल्या पांढरी पाचवर थांबतात.

"ही बघ. पांढरी पाच. जराशी चढी हाय."

बुवांना आयसी म्हणजे काय ते ठाऊक नाही. पण माझ्या दोनशे रुपयांच्या मीटरनं जे सांगितलं नसतं ते त्यांनी सांगितलं. खर्जातली पांढरी पाच म्हणजे सेकंदाला ९८ कंपनं. जराशी चढी, म्हणजे १००. आणि घरातली वीज तर ५० हर्ट्झची.

(दृश्य: परळीच्या औष्णिक केंद्राची धुरांडी, लांबून.)

परळीच्या जनित्राचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो. सेकंदाला ५०. आपल्या बटणापर्यंत येते ती हीच लय. साऱ्या देशाची ग्रीड एकमेकांना बांधलेली, त्यामुळं वीज कुठूनही येवो, लय तीच. परळीचे संच पाण्यावाचून थांबले होते त्या दुष्काळातही आमच्या स्पीकरची घूं काही सुरात बदलली नसती.

ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२ करतो, पण लयीला हात लावत नाही. ती बदलतात डायोड. विजेच्या लाटेला सेकंदाला ५० डोंगर आणि ५० दऱ्या. डायोड दरीला उचलून डोंगर करतात. झाले १०० डोंगर. म्हणजे बुवांची चढी पांढरी पाच डायोडच्या पुढं जन्मली. माइकची वायर बाहेरून वीज ओढून घेत असती, तर आवाज मुख्यतः ५० चा असता, आणखी एक सप्तक खाली, आणि आमच्या छोट्या स्पीकरमधून तो नीट निघालाही नसता. कान म्हणजे काही पक्का पुरावा नव्हे, त्या ५० मध्येही वरचे सूर मिसळलेले असतात. पण शोध कुठल्या दिशेनं घ्यायचा ते कळलं.

(दृश्य: व्हॉल्यूमचं बटण. बोटं ते डावीकडं शेवटपर्यंत फिरवतात.)

मग व्हॉल्यूम शून्यावर आणला. घूं तेवढीच.

दुरुस्तीतली सगळ्यात स्वस्त चाचणी ही. पैसा लागत नाही, स्क्रू खोलावा लागत नाही. व्हॉल्यूमबरोबर घूं कमी-जास्त झाली, तर दोष व्हॉल्यूमच्या अलीकडं: माइक, जॅक, शील्ड वायर. शून्यावरही तशीच राहिली, तर दोष पलीकडं: पॉवर सप्लाय नाहीतर ग्राउंड, म्हणजे करंट परत जायची शून्याची वाट. माझी राहिली.

इथंच मी चुकलो. पॉवर सप्लाय म्हटलं की आपला हात कंडेन्सरकडं जातो. माझा होता २२०० मायक्रोफॅरडचा. ढोबळ हिशेब असा, की बोर्डानं १ अँपियर ओढला तर दोन डोंगरांमधल्या वेळात हा कंडेन्सर साडेचार व्होल्टनं खाली येतो. ४७०० चा असेल तर २ व्होल्टच्या आसपास. मग मोठाच घालावा की! ४७०० घातला. तरी घूं. परभणीला जाऊन १०,००० चा आणला. बस भाडं वेगळंच.

घूं वाढली. आणि गोल होती ती खरखरीत झाली.

(थोडा वेळ निवेदन नाही. फक्त तो आवाज.)

माझे मामा जिंतूरला रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. दुकान कधीच बंद झालं, पण हात गेलेला नाही. ते आले, त्यांनी कॅबिनेट उलटं केलं आणि पहिल्यांदा मलाच झापलं.

"आरं, गाणं चालू नसताना बोर्ड किती करंट ओढतो? अँपियरचा दहावा हिस्सा. तेवढ्याला तुझा २२०० बी पुरला असता. मग कंडेन्सरच्या मागं कशाला लागलास?"

खरं होतं. कंडेन्सर कमी पडला तर घूं मोठ्या आवाजावर वाढते, पखवाजाच्या थापेला आवाज बसतो. शांततेत एकसारखी चालणारी घूं ही बहुतेक वेळा ग्राउंडची.

मामांनी पिन काढली. कंडेन्सरच्या पायांना रेझिस्टर लावून तो रिकामा केला. स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी पाडणारे पुष्कळ भेटतील, मामा त्यातले नाहीत. मग ट्रान्सफॉर्मरची मधली काळी तार बोटानं धरून तिच्या मागं मागं गेले. ती आधी एका टॅगवर येत होती. त्याच टॅगवर मी व्हॉल्यूमचं ग्राउंड डाकलं होतं, कारण जवळ पडत होतं. तिथून वीतभर बारीक तार कंडेन्सरच्या निगेटिव्ह पायाला. आयसीचं ग्राउंड मात्र कंडेन्सरवर.

"ह्या वितीत तुझं भूत हाय."

आता हे नीट बघा. डायोड काही सारखे चालू नसतात. डोंगराच्या शेंड्यावर क्षणभर उघडतात, कंडेन्सर भरतात, मिटतात. सेकंदाला १०० वेळा करंटचा झटका. तो झटका परत जातो त्या वीतभर तारेतून. तारेचा रेझिस्टन्स मीटरवर शून्य दिसतो, पण तो शून्य नसतो. झटक्यागणिक तिच्या दोन टोकांत एखादा मिलिव्होल्ट उभा राहतो. व्हॉल्यूमचं ग्राउंड एका टोकाला, आयसीचं दुसऱ्या. मग आयसीच्या लेखी तो मिलिव्होल्ट म्हणजे गाणंच. ४४४० ची वाढवण्याची ताकद साडेतीनशे पटींच्या वर. एका मिलिव्होल्टचा स्पीकरवर होतो व्होल्टचा तिसरा हिस्सा. मोठ्या कंडेन्सरला झटका आणखी टोकदार लागतो, म्हणून तो १०,००० चा घातल्यावर घूं चिडली.

पटवायला मामांनी जाड वायरचा तुकडा घेतला. सिरीज बल्ब (विजेच्या वाटेत घातलेला बल्ब, काही चुकलं तर करंट अडवतो) लावून अँप्लिफायर पुन्हा चालू केला आणि तुकडा त्या बारीक तारेच्या दोन्ही टोकांवर नुसता दाबून धरला. घूं निम्म्यावर. उचलला, पुन्हा वर. बुवा सतरंजीवरून उठून बघायला आले.

(दृश्य: सोल्डरची तार वितळते. धूर. कंडेन्सरचा पाय, त्यावर एकेक तार बसते.)

दुरुस्ती वीस मिनिटांची. मधली काळी तार टॅगवरून काढली, सरळ कंडेन्सरच्या निगेटिव्ह पायावर. त्या पायावरून तीन तारा वेगवेगळ्या निघाल्या: आयसीची जाड, स्पीकरची जाड, व्हॉल्यूमची बारीक. कॅबिनेटचा पत्रा ग्राउंडला एकाच जागी. इनपुटचा जॅक पत्र्याला चिकटून दुसरी वाट करत होता, त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबचा वॉशर कापून घातला.

मधल्या काळात गावातल्या एका जाणकारानं सोपा उपाय सुचवला होता: तीन पिनांतली मोठी पिन मोडून टाक. हे करू नका. घूं कधीकधी जाते, खोटं नाही. पण ती पिन पत्र्याचा डबा जिवंत होऊ नये म्हणून आहे. कीर्तनकार ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो आणि त्याच्या हातात लोखंडी माइक असतो.

त्यापेक्षा आर्थिंग बघा. आमची काळी माती पावसात रॉड धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. आर्थिंगचा रॉड त्या भेगेत नुसता उभा असतो, मातीला टेकलेलाच नसतो. चैत्र लागला की देवळाच्या आर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतायचं, हे काम आता पुजाऱ्यांनी अंगावर घेतलंय.

(दृश्य: सभामंडप. दिवे लागलेले. माणसं बसू लागली आहेत.)

व्हॉल्यूम शून्यावर. स्पीकरला कान लावला तर बारीक फस्स, बाकी काही नाही. बुवांनी विचारलं, "चालू केलंस का नाही?"

मी लाल दिवा दाखवला. बुवा खाली वाकले. या वेळी कान स्पीकरला नाही, कॅबिनेटला लावला. मग पेटीकडं हात लांबवून पट्टी दाबली.

पांढरी पाच. जराशी चढी.

हा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पट्ट्या चुंबकामुळं विजेच्या प्रत्येक लाटेला दोनदा ताणल्या जातात, त्याही सेकंदाला १०० वेळा. स्पीकरची तार काढली तरी हा आवाज राहतो. मामांनी ट्यूबचा उरलेला तुकडा ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टांखाली सरकवला आणि नट आवळले.

पार गेला नाही. पण तेवढ्यात कुणीतरी टाळ काढले.