नऊ ठोके

[पडद्यावर: शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर ओलसर चामड्याची पट्टी. मागे यंत्रमागाचा आवाज.]

सोलापुरात ठोकाठोकीचं कुणाला अप्रूप नाही. आमच्या गल्लीतला माग सकाळी सुरू होतो तो रात्रीपर्यंत थांबत नाही, त्यात माझी हातोडी कुणाला ऐकूही जात नाही. चामड्याचं काम शिकायला निघालेल्या माणसाला याहून चांगला शेजार कुठे मिळणार?

पण हातोडी उचलायच्या आधी मी दोन महिने नुसता बघत बसलो होतो. मोबाइलवर अमेरिकेतले कारागीर चामड्याच्या पट्ट्यांवर धातूचे ठसे ठोकून पानंफुलं उठवायचे. वायोमिंगमधल्या शेरिडन गावाच्या नावानं तर एक शैलीच चालते, गोल वळणाऱ्या वेलींची आणि रानगुलाबांची. बघून बघून ठशांची नावं तोंडपाठ झाली. बेव्हलर, म्हणजे रेघेच्या एका बाजूला उतार देणारा. बॅकग्राउंडर, नक्षीमागची जमीन दाबणारा. पाकळीला खोली देणारा पेअर शेडर, पानाला शिरा देणारा व्हेनर, फुलाच्या मध्यावर बिया उमटवणारा सीडर. टेक्सासातल्या टँडी कंपनीच्या क्राफ्टूल ठशांवर अक्षर आणि आकडा कोरलेला असतो: बी म्हणजे बेव्हलर, ए म्हणजे बॅकग्राउंडर, एक्स म्हणजे चटईची वीण. मी यादी केली, किमतींची बेरीज केली आणि वही मिटली.

[पडद्यावर: नवी पेठ, दुपार. पदपथावर मांडलेली हत्यारं.]

नवी पेठेच्या एका कोपऱ्यावर एक मामा बसतात. चपला शिवतात, बॅगांच्या चेन बदलतात. पुढ्यात चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, ऐरण, झिजून खोलगट झालेला लाकडी ठोकळा. ठसे कुठं मिळतील, असं मी त्यांना विचारलं. मामांनी वर न बघताच विचारलं, “चामडं कुठलं घेतलंय, ओ सर?”

मी पिशवीतून तुकडा काढला. सोफ्याच्या कामातलं उरलेलं कातरण, मऊ आणि चकचकीत. मामांनी त्यावर अंगठ्याचं नख दाबलं. वण उठला आणि आपण बघेपर्यंत पुसला गेला.

“हे धरत नाही की ओ. ह्याच्यावर सोन्याचा ठसा मारला तरी उद्या सपाट.”

तिथं माझी यादी संपली. ते चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं होतं. ते मऊ राहतं, पाण्याला सहसा घाबरत नाही, पण दाबलं की पुन्हा फुगून वर येतं. ठसा धरतं ते वनस्पतींच्या रसात कमावलेलं चामडं: बाभळीची साल, हिरडा, त्यातलं टॅनिन. कमावायला आठवडे लागतात. दुकानात ओळखायचं कसं? कापलेली कड बघायची. बऱ्याच क्रोम चामड्यात आत निळसर करडी रेघ दिसते, झाडसालीचं आरपार बदामी असतं. पाण्याचा थेंब टाकला की ते चटकन गडद होतं. आणि नखाचा वण राहतो. ही मामांची परीक्षा, आणि तिला पैसे पडत नाहीत.

पट्ट्यासाठी तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडी बरी. परदेशी दुकानं जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा ६४वा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. आठ-नऊ औंस मागितलं की आपलं काम होतं. शिकायला मात्र अख्खं चामडं घेऊ नका, कातरण घ्या.

[पडद्यावर: मामांचे हात, जवळून.]

इथं एक गोष्ट बोलायलाच हवी. माझ्यासाठी हा छंद आहे. रविवारी हात मळवायचे, फोटो टाकायचा, लोक वाहवा करतात. ज्यांच्या घरात हे काम पिढ्यान् पिढ्या चाललं, त्यांना याच कामापायी लांब बसवलं गेलं. कातडी कमावणारा ढोर समाज, त्यातून वस्तू घडवणारा चर्मकार समाज. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या (बसवेश्वरांच्या) भोवती जे शरण, म्हणजे शिवभक्त, जमले त्यांत आपले सोलापूरचे सिद्धरामेश्वर होते, तसेच ढोर कक्कय्या होते आणि चांभार हरळय्याही होते. हरळय्या आणि त्यांच्या पत्नीनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या चपला करून बसवण्णांपुढं ठेवल्या, अशी कथा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर सोलापूर जिल्हाही आहे आणि सीमेपलीकडचे कर्नाटकातले चार जिल्हेही. हे माझ्या ओळखीच्या कितीतरी सोलापूरकरांना ठाऊक नाही. मलाही नव्हतं.

[पडद्यावर: स्पंज, पाण्याची वाटी, उन्हानं तापलेली गच्ची.]

चामडं मिळालं. आता पाणी.

पुस्तकी रीत अशी: स्पंजनं चामडं ओलं करायचं आणि थांबायचं. रंग मूळच्या जवळ परत येऊ लागला, पण गालाला लावल्यावर गारवा लागतोय, की ठसा मारायचा. फार ओलं असेल तर वण पसरट उठतो, कोरडं असेल तर उठतच नाही. ही रीत ज्यांनी लिहिली त्यांनी सोलापूरचा मे महिना बघितलेला नसणार. पारा ४२ वर, पंखा गरम हवा फेकतोय, आणि मी एक कोपरा ठोकेपर्यंत दुसरा कोपरा कडक भाकरी. पंधरा दिवस मी ठशाला शिव्या दिल्या. दोष ठशाचा नव्हता. आता मी रात्री चामडं भिजवतो, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो आणि पहाटे, ऊन चढायच्या आत, कामाला बसतो. रात्रभरात ओलावा आतपर्यंत सारखा मुरतो. जे काम चाललंय तेवढंच उघडं ठेवायचं, बाकीच्यावर ओलं फडकं.

[पडद्यावर: कानस, बोल्ट, पॉलिश पेपर.]

आणि ठसे? पहिले ठसे मी बोल्टचे केले. डोकं कानसलं, त्यावर आडव्या-उभ्या रेघा पाडल्या, झाला बॅकग्राउंडर. मोठ्या दिमाखात ओल्या चामड्यावर मारला. तासाभरानं बघतो तर प्रत्येक वणात काळा-निळा डाग, जणू कुणी शाई सांडलीय. खरं तर शाईच ती. लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात भेटले की काळा रंग तयार होतो. कलमकारीवाले हेच मुद्दाम करतात: कापड हिरड्यात भिजवायचं आणि त्यावर गूळ-लोखंडाच्या पाण्यानं काळी रेघ ओढायची. माझ्या पट्ट्यावर मात्र ती कुणी मागितली नव्हती. लिंबाच्या रसानं डाग फिकट झाले, गेले नाहीत.

म्हणून विकतच्या ठशांना मुलामा असतो. घरी करायचे तर पितळेची कांडी घ्या, मोडीच्या दुकानात मिळते, नाहीतर स्टेनलेस स्टीलचा बोल्ट. साध्या लोखंडाचाच करणार असाल तर तोंड घासून गुळगुळीत करा आणि रंगहीन नेलपॉलिशचा हात द्या. वरून मारायला लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा. लोखंडी हातोड्यानं ठशाचं डोकं फुलतं. विकत घ्यायचेच असतील तर एकेक घ्या. वीस ठशांचा स्वस्त संच मीही मागवला होता. त्यातले तीन वापरतो.

पण मला फुलं नको होती. मला आबांच्या पट्ट्यावर आबांचं नाव हवं होतं, आणि ते मराठीत.

इंग्रजी अक्षरांचे संच हार्डवेअरच्या दुकानातही असतात, धातूवर नंबर पाडायचे. देवनागरीला शिरोरेघ आहे, काना आहे, मात्रा आहे. एकेका चौकोनी ठशात ती बसवली की अक्षरं तुटक दिसतात. म्हणून उलट्या बाजूनं गेलो. आधी पट्टी ठेवून बोथट टोकानं शिरोरेघ ओढली. मग अक्षरं तिला टांगली. सरळ रेघेसाठी जुन्या स्क्रूड्रायव्हरची टोकं, एक रुंद, एक अरुंद, धार मोडून आणि वर नेलपॉलिश देऊन. अर्धगोलासाठी काही सुचेना. मामांनी डब्यातून भोकं पाडायचा एक बोथट झालेला पंच काढून दिला. “माझ्या कामाचा नाही आता.” मी त्याचं अर्धं तोंड घासून टाकलं.

हिशेब बघा. ‘आ’ला दोन अर्धगोल, एक आडवी बारीक रेघ, दोन उभे दंड. ‘बा’ला एक अर्धगोल, पोटातली तिरकी रेघ, दोन दंड. नऊ ठोके.

[पडद्यावर: पहाट. फरशी. ठोक्यांचे आवाज, एकेक, मध्ये शांतता. मागून पहिला माग सुरू होतो.]

ठसा सरळ उभा धरायचा, मनगट सैल, ठोका एकच. दुसरा मारला की सावली उठते. माझ्या सातव्याला उठलीय. नीट बघितलं तर दिसते.

[पडद्यावर: नवी पेठ. मामा पट्टा उजेडात धरून बघतात.]

मामांनी आधी उलटी बाजू बघितली, मग कड, मग नाव. अंगठा त्या सातव्या ठोक्यावर थांबला.

“इथं दोनदा मारलास बे.”

“हो मामा.”

“पाणी बरोबर लागलंय पण.” पट्टा परत देत त्यांनी हात पुढं केला. “तो माझा पंच आणलायस का? बघू, काय केलायस त्याचं.”