अडवलं, पण मिटलं नाही

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या हॉकीबद्दल बोलायचं आहे, ती आइस हॉकी; तिच्यात गवतही नाही आणि टर्फही नाही. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद बर्फ, एका बाजूला सहा गडी, आणि चेंडूऐवजी पक. पक म्हणजे कडक रबराची चकती: तीन इंच व्यास, एक इंच जाडी, वजन १६० ग्रॅमच्या आसपास. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. साध्या तापमानाचं रबर बर्फावर टपटप उड्या मारतं, गोठलेलं मात्र सरळ घसरत जातं. कसलेल्या खेळाडूनं दहा मीटरवरून ताशी दीडशे किलोमीटरनं मारलेली ही चकती पाव सेकंदात गोलपाशी पोचते. एवढ्या वेळात बघून, ठरवून हात हलवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून इथला गोलरक्षक फटका बसायच्या आधीच अर्धं काम उरकून बसलेला असतो.

ते कसं, हे सोव्हिएत संघाचा गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याच्याकडे पाहून कळतं. जन्म १९५२चा, मॉस्कोच्या उत्तरेकडच्या भागातला. लष्कराचा क्लब त्स्का, जर्सी क्रमांक २०. सतराव्या वर्षी मोठ्या संघात आला तेव्हा प्रशिक्षक होते अनातोली तारासोव. त्यांनी या पोराला सतत टेनिसचा चेंडू जवळ बाळगायला लावला. जिथं असेल तिथं चेंडू फेकायचा आणि झेलायचा, डोळा आणि हात एकमेकांना सरावेपर्यंत.

पण हात ही नंतरची गोष्ट. आधी येतो कोन. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो. पकपासून दोन्ही खांबांना सुतळ्या बांधल्या आहेत असं समजा. समोर दहा मीटरवर पक असेल आणि गोलरक्षक रेषेवरच उभा राहिला, तर त्याला १८३ सेंटीमीटर झाकायचे आहेत. तोच दोन मीटर पुढं सरकला की सुतळ्यांमधलं अंतर उरतं साधारण १४६ सेंटीमीटर. डावी-उजवीकडं न हलता सव्वा फुटाची कमाई! मग आणखी पुढं का जायचं नाही? कारण फटक्याऐवजी आडवा पास गेला, तर मागं अख्खा गोल उघडा पडतो. म्हणून पक ज्याच्याकडं आहे, त्याला पास द्यायला कोण मोकळं आहे, हे पाहून पावलं टाकायची. त्रेत्याक उंच होता तरी पसरलेला दिसत नसे; त्याची पावलं छोटी आणि वेळेवर पडत.

१९७२च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू पहिल्यांदाच सोव्हिएत राष्ट्रीय संघाशी आठ सामने खेळले. कॅनडाच्या टेहळणी करणाऱ्यांनी त्रेत्याकला आधी पाहिलं होतं, पण तेव्हा त्याचं लग्न तोंडावर आलं होतं आणि त्या दिवशी त्यानं ढीगभर गोल खाल्ले होते. निष्कर्ष निघाला: कच्चा आहे. मॉन्ट्रियलच्या पहिल्या सामन्यात कॅनडानं पटकन दोन गोल केलेही, पण शेवटी सोव्हिएत संघ ७-३नं जिंकला.

आता या सगळ्यातली खरी मेख. पक अडवला म्हणजे काम संपलं असं नाही. अंगावर आपटून तो कुठं गेला, ते महत्त्वाचं. ह्याला रिबाउंड म्हणतात, आपण उसळी म्हणू. त्रेत्याकवर झालेले दोन सर्वांत गाजलेले गोल उसळीचेच आहेत.

पहिला मॉस्कोत, २८ सप्टेंबर १९७२. आठवा सामना, ५-५, शेवटची ३४ सेकंदं. कॅनडाच्या फिल एस्पोसिटोचा फटका त्यानं अडवला. उसळीवर पॉल हेंडरसननं मारलं, तेही अडवलं. पण तोवर तो बर्फावर आडवा झालेला, बचावपटू लांब, पक पुन्हा हेंडरसनच्याच काठीपाशी. मालिका कॅनडानं जिंकली.

दुसरा लेक प्लॅसिड, २२ फेब्रुवारी १९८०, अमेरिकेविरुद्ध. पहिला भाग संपत आलेला, सोव्हिएत संघ २-१नं पुढं. डेव्ह ख्रिश्चननं जवळजवळ शंभर फुटांवरून पक नुसता पुढं हाणला. त्रेत्याकनं आरामात अडवला, पण पॅडवरून तो सरळ समोर वीसेक फूट परतला. दोन बचावपटू घड्याळाच्या भरवशावर सैल पडले होते. त्यांच्यामधून मार्क जॉन्सन घुसला आणि एक सेकंद उरला असताना गोल. चिडलेले सोव्हिएत प्रशिक्षक तिखोनोव यांनी त्रेत्याकला बसवून व्लादिमिर मिश्किनला उतरवलं. सामना ४-३नं गेला. तो बदल चूक होती, हे तिखोनोव यांनी पुढं स्वतःच मान्य केलं.

उसळी जिरवायची कशी? पायांकडं येणारा फटका काठीच्या पात्यानं घ्यायचा आणि पातं कोपऱ्याकडं थोडं वळवलेलं ठेवायचं, म्हणजे पक कडेला जातो. पॅड अगदी काटकोनात समोर धरला तर पक आला तसा परत जातो. लेक प्लॅसिडला नेमकं हेच झालं. छातीवरचा फटका खांदे आत घेऊन पोटाशी दाबायचा, वरून ग्लव्ह ठेवायचा. विकेटकीपरच्या हाताला थोडी लवचीकता लागते ना, तसंच हे. त्या काळचे पॅड चामड्याचे, आत केस भरलेले. ओले झाले की सामन्याच्या शेवटी जड व्हायचे. पाय उशिरा उचलला जायचा आणि पक सुटायचा.

पण हे दोन गोल म्हणजे त्रेत्याक नव्हे. ३१ डिसेंबर १९७५ला मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या क्लबविरुद्ध त्यांच्याच शहरात त्स्काच्या गोलवर ३८ फटके आले, त्स्काचे झाले १३. निकाल ३-३. जागतिक स्पर्धांतली दहा सुवर्णं त्याच्या नावावर. ऑलिंपिकमध्ये १९७२, १९७६ आणि १९८४ची सुवर्णं. १९८४च्या सारायेव्हो ऑलिंपिकच्या शेवटच्या सामन्यात चेकोस्लोव्हाकियाला २-०नं हरवलं, म्हणजे त्याच्या गोलात एकही पक गेला नाही.

१९८३मध्ये मॉन्ट्रियलच्या त्याच क्लबनं त्याची निवड केली होती, पण सोव्हिएत अधिकाऱ्यांनी जाऊ दिलं नाही. इकडं संघाच्या छावणीत वर्षातले बहुतेक दिवस घरापासून दूर काढायचे. त्यानं सामन्याआधी घरी राहू द्या अशी सवलत मागितली, नकार मिळाला. बत्तिसाव्या वर्षी त्यानं काठी ठेवली. सहा वर्षांनी तो शिकागोच्या संघात गोलरक्षकांचा प्रशिक्षक झाला. तिथं त्याच्या हाताखाली तयार झालेल्या एड बेलफोरनं पुढं दुसऱ्या संघात गेल्यावर मुद्दाम २० नंबरची जर्सी मागून घेतली.