आकडे बरोबर, शेत चुकीचं

मंडळी, विषय ठरलाय तो ‘बहुमितीय अ‍ॅरे भाषेतच हवा’ असा. म्हणजे ओळी-कॉलमांत मांडलेले आकडे ठेवायची सोय प्रोग्रामिंग भाषेनंच द्यावी, लायब्ररीवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर, सोडू नये. पण आधी एक जुनी सल सांगते, म्हणजे मी या गोष्टीसाठी एवढी का भांडते ते कळेल.

इथेच, इंदूरजवळ, सोयाबीनच्या शेतात मातीचं तापमान मोजायचं काम होतं. फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतलं फंक्शन अ‍ॅरे भरायचं, माझा सी भाषेतला कोड त्यावरून नकाशा काढायचा. नकाशा आला तर बांधाकडची गार पट्टी शेतभर सांडलेली! तीन दिवस आम्ही सेन्सरवर संशय घेतला. तारा बदलल्या. एक सेन्सर उकरला, पुसला, परत पुरला. चौथ्या दिवशी दोन ओळी, तीन कॉलमचा छोटा तक्ता करून पाहिला. वर 11, 12, 13. खाली 21, 22, 23. फोरट्रान मेमरीत एकेक कॉलम ठेवतं: 11, 21, 12, 22, 13, 23. सी ओळीनं वाचतं, म्हणून माझ्या वरच्या ओळीत आले 11, 21, 12. आकडा एकही चुकला नव्हता.

या सभागृहाचंच बघा. तिकिटांचे नंबर ओळीनं घातलेत. कोणी उभे मोजून बसवायला लागला, तर पुढच्या ओळीतल्या आजी थेट त्या खांबामागे! (आजी, तुम्ही बसा, तुमची जागा पक्की आहे.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तर मुद्दा.

माझ्या सी कोडला मिळाला होता फक्त अ‍ॅरेच्या सुरुवातीचा पत्ता. ओळी किती, कॉलम किती, एका ओळीतून पुढच्या ओळीत जायला किती बाइट ओलांडायचे, यातलं काहीच सोबत आलं नाही. आठ बाइटांचे आकडे धरा: सीच्या मांडणीत ती उडी 24 बाइटांची, फोरट्रानच्या मांडणीत 8 ची. पत्ता, आकार आणि उड्या एकत्रच फिरल्या पाहिजेत, आणि हे भाषेनं ठरवावं. नाहीतर प्रत्येक लायब्ररी आपला वेगळा अ‍ॅरे काढते. पायथन भाषेत 1995 च्या न्यूमेरिक या लायब्ररीनंतर नमअ‍ॅरे आलं, लोक विभागले, मग 2006 मध्ये नमपायनं ते जोडले. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो 2008 मध्ये पायथन 3.0 सोबत आलेला नवा बफर प्रोटोकॉल. पत्ता, आकार, उड्या सांगायची रीत थेट भाषेत आली. लायब्ररी मग कुणाचीही असो.

फोरट्रानला 1957 पासून तीन मितींपर्यंतचे अ‍ॅरे होते. सी प्लस प्लस भाषेच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे अधिकृत नियमावलीत, एमडीस्पॅन हे बहुमितीय मांडणीचं साधन आलं 2023 च्या आवृत्तीत, आणि तेही दुसऱ्याच्या मेमरीकडे बघणारं. स्वतःची मेमरी सांभाळत नाही. मला ती सांभाळणारा टाइप, म्हणजे डेटाचा प्रकार, स्टँडर्डमध्ये हवा. मॅट्रिक्सचे गुणाकार खुशाल लायब्ररीकडे राहू द्या.

वेगाचं विचारताय ना? एमडीस्पॅनमध्ये आकार आधीच ठाऊक असेल तर तो टाइपमध्येच लिहिता येतो, आणि कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, उड्या आधीच मोजून ठेवू शकतो. तीच सोय या टाइपलाही द्यायची.