दादाभाई नौरोजी मार्ग : तटबंदीच्या कडेने वाढलेला रस्ता

श्रोतेहो, आज ज्या रस्त्याविषयी बोलायचे आहे तो लांबीने अगदीच बेताचा आहे. क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. तिथून दक्षिणेकडे निघाले की कलामहाविद्यालयाचे आवार, 'टाइम्स'ची इमारत, महापालिकेचे मुख्यालय आणि समोर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे करीत माणूस पायीदेखील पाऊण तासाच्या आत हुतात्मा चौकात पोहोचतो. मुंबईत याहून लांब आणि याहून रुंद रस्ते कितीतरी आहेत. तरीही शहराची वाहतूक कशी बदलत गेली हे एकाच ठिकाणी उभे राहून सांगायचे असेल, तर मी हाच रस्ता निवडीन.

या रस्त्याची रेषा ठरवली ती कोटाच्या, म्हणजे जुन्या मुंबईच्या किल्ल्याच्या, पश्चिम तटबंदीने. तटाच्या आत दाटीवाटीची वस्ती, बाहेर खंदक आणि त्यापलीकडे मोकळे मैदान, अशी जुन्या मुंबईची मांडणी होती. दक्षिण टोकाला चर्चगेट नावाचा दरवाजा होता, आणि त्याच जागी, आजच्या हुतात्मा चौकात, 1864 साली फ्लोरा फाउंटन हे कारंजे उभे राहिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या टर्मिनसच्या परिसरातून, ठाण्याला पहिली आगगाडी सुटली तेव्हा हा तट अजून जागेवर होता. आगगाडी कोटाच्या दारापर्यंत आली होती आणि कोट मात्र गलबतांच्या काळातल्या लढाईसाठी बांधलेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या भरभराटीत गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी 1860च्या दशकात तट पाडायला घेतला, आणि आतल्या अरुंद हॉर्नबी रोडला रुंद व्हायला जागा मिळाली. रस्त्याचे हे जुने नाव अठराव्या शतकातील गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांचे. पुढे दादाभाईंचे नाव आले, आणि त्यांचा पुतळाही दक्षिण टोकाशी आहे.

रस्ता रुंद झाल्यावर वाहने आली. 9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला जाणारा मार्ग पहिल्या दोन मार्गांपैकी एक होता. भाडे तीन आणे होते आणि सुरुवातीला तिकीटच देत नसत! गर्दी वाढल्यावर भाडे दोन आण्यांवर आले, मग तिकिटेही आली. कंपनीच्या पागेत 900 घोडे होते, म्हणजे ट्राम चालवणे हे तेव्हा मुख्यतः दाणावैरणीचे आणि खुरांचे काम होते. 1907 साली विजेची ट्राम आली आणि घोडे गेले. 15 जुलै 1926 रोजी शहरातली पहिली बस कुलाब्याच्या अफगाण चर्चहून निघाली ती क्रॉफर्ड मार्केटपर्यंतच. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. ट्राम बंद करण्यामागे ती इतर वाहनांची वाट अडवते हा एक मोठा आक्षेप होता. त्यानंतर मोकळी झालेली वाट मोटारींनी किती वर्षांत भरून काढली, हे या रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

मात्र या रस्त्यावरची सर्वांत उपयोगी वाहतूक-व्यवस्था चाकांवर चालणारी नाहीच, असे माझे मत आहे. 1896 च्या नियमाने इथे बांधणाऱ्याला तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने कमानींचा पदपथ सोडणे बंधनकारक झाले. कोणी ग्रीक धाटणीचे खांब घेतले, कोणी गॉथिक कमानी घेतल्या. वरच्या मजल्यांची शैली ज्याची त्याची, पण खालून चालणाऱ्याची वाट सलग. मालकाच्या खोल्या वर आणि त्यांच्याखालून सार्वजनिक रहदारी, ही तडजोड आजही चालू आहे. भर पावसात स्टेशनातून बाहेर पडलेला कारकून छत्री मिटून बराचसा रस्ता कोरडा पार करतो. अर्थात त्याला एका बाजूला दुकानाची पायरी आणि दुसऱ्या बाजूला खांबाला टेकवलेली फेरीवाल्याची फळी, पट्टे, पाकिटे, मोबाइलची कव्हरे, यांच्यामधून जेमतेम दोन माणसांची वाट उरते. फेरीवाले हटवले की प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे तोच कारकून आहे. पण पदपथाची रुंदी किती मोकळी राहिली पाहिजे हे ठरवून ती पाळणे हे वाहतुकीचेच काम आहे, आणि वाहतुकीचा विचार करताना आपण ते नेहमी विसरतो.

आता याच भागात जमिनीखालून भुयारी मेट्रो धावते. ऑक्टोबर 2025 मध्ये तिचा कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि या रस्त्यालगत टर्मिनसपाशी व हुतात्मा चौकात स्थानके झाली. मेट्रोतून उतरलेला प्रत्येक प्रवासी जिना चढून वर आला की पादचारी होतो. त्यामुळे गाड्यांची संख्या घटो वा न घटो, 1896 च्या त्या कमानींखालची गर्दी वाढणार आहे, आणि तिथली एकेक फूट जागा आता मोजून घ्यावी लागेल.