सेरेना अध्यासन आणि टोपल्या विणणारे प्राध्यापक

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठातून एखादी भाषा जाते, तेव्हा फारसा गाजावाजा होत नाही. प्राध्यापक निवृत्त होतात, जागा रिकामी राहते, पुढे प्रवेशच थांबतात. अध्यासन हा त्यावरचा उपाय. दात्याने भरघोस रक्कम द्यायची, विद्यापीठाने ती गुंतवायची आणि मुद्दलाला हात न लावता तिच्या उत्पन्नातून एका प्राध्यापकाचा पगार द्यायचा. मग वर्गात चाळीस मुलं असोत की चार.

अशी ठेव नसली की काय होतं? संगीतकार मोत्सार्टच्या तीन ऑपेरांच्या (संगीतनाट्यांच्या) संहिता लिहिणारे लोरेन्झो दा पोन्ते १८२५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात इटालियनचे पहिले प्राध्यापक झाले. मान मिळाला, पगार मात्र नव्हता! विद्यार्थ्यांची फी हीच कमाई, आणि विद्यार्थी फारसे फिरकलेच नाहीत. त्यांच्या नावाचं अध्यासन तिथे आलं, ते त्यांच्या पश्चात.

इंग्लंडमध्ये हे काम केलं आर्थर सेरेना यांनी. लंडनमध्ये जहाजांच्या व्यवहारात पैसा मिळवलेला हा माणूस. वडील व्हेनिसचे, ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध तिथे १८४८ साली झालेल्या उठावात त्याचे नेते मानीन यांच्या बाजूने उभे राहिलेले. पहिलं महायुद्ध संपत आलं, तेव्हा सेरेनांनी ऑक्सफर्ड, केंब्रिज, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या चार विद्यापीठांना इटालियनच्या अध्यासनांसाठी देणगी दिली. बर्मिंगहॅममध्ये १९२१ पासून हे पद एका बाईंकडे, लिनेट्टा रिचर्डसन यांच्याकडे होतं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते केंब्रिजचं धाडस. १९१९ साली त्यांनी पहिले प्राध्यापक म्हणून निवडले थॉमस ओकी. पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतले, लहानपणापासून टोपल्या विणून पोट भरणारे! कॉलेजात ते कधी शिकले नव्हते. दिवसभर विलोच्या झाडाच्या काड्या वळायच्या आणि उरल्या वेळात भाषा शिकायच्या. पूर्व लंडनच्याच व्हाइटचॅपल भागातल्या टॉइन्बी हॉल या समाजसेवी संस्थेत ते कामगारांना इटालियन शिकवू लागले. इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यातल्या ‘पुर्गातोरिओ’ या भागाचं त्यांनी इंग्रजी भाषांतर केलं, आणि टोपल्या विणण्याच्या कलेवरही पुस्तक लिहिलं. वयाची पासष्टी ओलांडल्यावर ते केंब्रिजला आले आणि १९२९ पर्यंत त्या पदावर राहिले. केंब्रिजमध्ये सेरेना प्राध्यापक आजही आहेत.

ऑक्सफर्डच्या अध्यासनाला पुढे इटलीच्या मोटार कंपनीवरून फियाट-सेरेना आणि नंतर त्या कंपनीच्या आन्येली घराण्यावरून आन्येली-सेरेना असं नाव मिळालं. म्हणजे पहिल्या दात्याच्या मागे दुसरे दाते उभे राहिले.

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळांना म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. संमेलनं, महोत्सव जरूर करा. पण एखाद्या विद्यापीठात मराठीच्या प्राध्यापकाची जागा कायमची करता येईल का, तेही बघा. आणि रक्कम ठरवताना आजच्या पगाराचा हिशोब धरू नका, पन्नास वर्षांनंतरच्या महागाईचा धरा.

नमस्कार.