पट्टी कुठे जाते?

(मे महिन्याची दुपार. कारखान्याच्या भिंतीलगत अर्थिंगचा खड्डा. वायरमन बादलीने पाणी ओततो आहे.)

एमआयडीसीत उन्हाळ्यात कुठेही जा, हे दृश्य दिसेल. खड्ड्यात कोळसा, मीठ, मधोमध जीआयचा पाइप आणि वरून दोन बादल्या पाणी. वायरमन हे काम मनापासून करतात. खड्डा ओला राहिला की अर्थिंग चांगलं, असंच त्यांना शिकवलेलं असतं.

आता आत, शेडमध्ये चला.

(लोखंडी पॅनेल. कॅमेरा दाराच्या कडेजवळ.)

या पत्र्याच्या कडेवर केबल घासते. घासता घासता एक दिवस तिचं इन्सुलेशन जातं आणि फेजची तार पॅनेलच्या बॉडीला टेकते. समजा, पॅनेलला स्वतःचा वेगळा खड्डा आहे आणि तो उत्तम आहे, अवघा 1 ओहम. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा, म्हणजे करंट जिथे परत पोचतो त्या टोकाचा, खड्डाही 1 ओहमचा. करंट मातीतून परत जायचा तर दोन्ही ओहम पार करणार. 230 भागिले 2, म्हणजे 115 अँपिअर.

मागचा फ्यूज 200 अँपिअरचा आहे. त्याला हा नेहमीचा लोड वाटतो. तो उडत नाही. पॅनेलची बॉडी 115 व्होल्टवर तशीच उभी राहते आणि रात्रपाळीचा माणूस घामेजल्या हाताने दार उघडायला येतो.

माणसाच्या शरीराचा रोध हिशेबाला 1000 ओहम धरतात. म्हणजे जवळपास 115 मिलिअँपिअर. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डालझील यांच्या प्रयोगांवर आधारलेलं सूत्र 50 किलो वजनाच्या माणसासाठी 1 सेकंदाला 116 मिलिअँपिअरची मर्यादा घालतं. फक्त एक सेकंद. इथे फ्यूज रात्रभर उडणार नाही.

खड्डा उत्तम होता, तरी हे घडतं. म्हणून डिझाइन करताना पहिला प्रश्न हा विचारायचा: बॉडीला जोडलेली अर्थिंगची पट्टी पुढे कुठे जाते? ती अखंड, धातूनेच, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत पोचली पाहिजे. त्या सगळ्या वाटेचा रोध 0.1 ओहम असेल, तर करंट 2300 अँपिअर. फ्यूज क्षणात उडतो. इतकी चांगली वाट देणं जिथे शक्य नाही, तिथे अर्थ लीकेज रिले, म्हणजे करंट जमिनीकडे गळताच सप्लाय तोडायला लावणारं उपकरण, लावायलाच हवा.

(उघडं सबस्टेशन यार्ड. पायाखाली खडी.)

यार्डात खड्ड्याचं आणि जमिनीखालच्या जाळीचं महत्त्व फार मोठं आहे. बिघाडात 5000 अँपिअर जमिनीत गेले आणि जाळीचा रोध अर्धा ओहम असला, की सगळी जाळी 2500 व्होल्टनी वर उचलली जाते. तिथे चालणाऱ्याच्या दोन पावलांमध्येही व्होल्टेज असतं. पायाखालची ही खडी त्यासाठीच, करंटला तळव्यात शिरू न देण्यासाठी. तिच्यात माती आणि गवत भरलं की ती खडी निकामी झाली, असं समजून ती बदलून घ्यावी.

जाळी किती मोठी, हे जमीन ठरवते. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. फुटाफुटाला रोध बदलतो. म्हणून एका रेषेत, सारख्या अंतरावर चार सळया ठोकून, अंतर वाढवत नेत मोजायचं. तेही मे महिन्यात. श्रावणातल्या ओल्या जमिनीचे आकडे घेऊन केलेलं डिझाइन उन्हाळ्यात उघडं पडतं.

(पुन्हा पॅनेल. बॉडीवरच्या बोल्टचं जवळून चित्र.)

आणि हा सांधा बघा. पट्टी आहे, बोल्ट आहे, वॉशरही आहे. पण पत्र्यावरचा रंग खरवडलेलाच नाही. पट्टी रंगावर टेकली आहे, लोखंडावर नाही.

वायरमन बोल्ट काढतो. पॉलिश पेपरने रंग घासतो, पत्रा चकचकीत होईपर्यंत. पट्टीवरचा गंजही काढतो, बोल्ट पुन्हा आवळतो. मीटरच्या दोन क्लिपा लावतो, एक बॉडीला, एक पट्टीला, आणि आलेला आकडा वहीत तारखेसकट लिहितो.

मग पुढच्या पॅनेलकडे. या शेडमध्ये अजून अकरा आहेत.